काकडीच्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून निघणाऱ्या फुटी) सगळ्या काढल्या, आता नुसती नर फुलं येताहेत. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळ उघड्या रानात हिमांगी वाणाच्या काकडीची लावण आहे, वेल चार फूट चढलीय, शेडनेटमधल्या काकडीचा व्हिडिओ बघून एकूणएक बगलफूट खुडलीत, आणि आता फुलं ढीगभर पण काकडी धरत नाही. चूक नेमकी त्या खुडण्यातच झालीय. वेल मात्र अजून हातची गेलेली नाही.

शेडनेट-पॉलीहाऊसमधल्या संकरित काकडीला बहुतेक प्रत्येक पेरावर मादी फूल येतं आणि परागीभवनाशिवाय फळ धरतं. म्हणून तिथं एकच खोड ठेवून बाकी सगळं काढतात. हिमांगी, फुले शुभांगी, पूना खिरा या वाणांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मुख्य खोडावर आधी नर फुलांचे झुबके, मादी फुलं जास्त करून बगलफुटींच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर. म्हणजे तुम्ही काढून टाकलंत ते माल देणारं लाकूडच. पाकिटावरच्या ‘सौतेकाई’ (कन्नडमध्ये काकडी) या नावावरून हा फरक कळत नाही. बियाणं घेतानाच दुकानदाराला विचारा, वेलीला सगळी मादी फुलं येतात की दोन्ही.

ओळख सोपी आहे. मादी फुलामागं बोटाच्या पेराएवढी, लवदार, छोटी काकडीच असते. नर फुलामागं नुसता बारीक देठ.

आता एकही फूट काढू नका. शेंडा वरच्या तारेला, साडेपाच-सहा फुटांवर पोचला की दोन बोटांनी खुडा. वाढीचा जोर बगलेत वळेल आणि वरच्या पेरांतून फुटी निघतील. प्रत्येक फुटीवर पहिली-दुसरी मादी फुलं दिसली की त्यापुढं दोन पानं ठेवून फुटीचा शेंडा मोडा. ती दोन पानं फळाला पोसतात, मादी फुलाला लागूनच मोडलंत तर काकडी पिवळी पडून गळते. युरिया देत असाल तर थांबवा. नत्र जास्त झालं की नर फुलं आणि पाला दोन्ही वाढतात. सकाळी मधमाश्या फिरत असताना फवारणी करू नका. परागीभवन अर्धवट झालं की काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी होते. पाण्याचा ताण बसला तरी तसंच होतं.

पुढच्या लावणीला जमिनीपासून पहिली चार-पाच पेरं, म्हणजे साधारण सव्वा फूट, तेवढीच मोकळी करा. तिथल्या फुटी, फुलं, तणावे सगळं काढा. त्यावरचं राहू द्या. फूट दोन इंचांची असतानाच अंगठ्यानं बाजूला वाकवली की कट्‌कन सुटते आणि जखम दाण्याएवढी राहते. फूटभर वाढू दिली आणि मग ओढली तर खोडाची साल सोलून येते. मोठी झालेली फूट कात्रीनंच कापा. हे काम दव वाळल्यावर, पाऊस नसताना करा. ओल्या पानांत हात फिरला की रोग वेलीवरून वेलीवर जातो. पानं चट्टेरी, आकसलेली दिसणारी वेल सगळ्यात शेवटी हाताळा.

आपल्याकडं पावसाळ्यात खरी झुंज केवडा या बुरशीजन्य रोगाशी असते. पानाच्या शिरांमध्ये अडकलेले कोनाकोनांचे पिवळे डाग आणि खालच्या बाजूला राखाडी-जांभळी बुरशी दिसली की ओळखा. म्हणून खालची जुनी, पिवळी पानं एका वेळी दोन-तीन काढून रानाबाहेर टाका. एकदम पाच-सात काढलीत तर वेल दमते. ओळीत ५ फूट आणि वेलीत दीड फूट अंतर ठेवलं तर वारा खेळतो.

वेल चढवायच्या ताटीसाठी ८ फुटांचे बांबू घ्या, दीड फूट गाडा आणि ८-१० फुटांवर एक लावा. कडेचे खांब बाहेर कलते ठेवून त्यांना ताण द्या, सगळा भार तेच झेलतात. वर १२ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, मध्ये एक हलकी तार. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळं पावसाळी लावणीत ओळी पूर्व-पश्चिम काढा. आडवी ताटी म्हणजे वाऱ्यापुढं धरलेलं शीड, भरलेल्या वेलीसकट झोपते.

वेल तारेवर चढवायला बांधलेल्या सुतळीचा खालचा फास करंगळी सहज जाईल इतका सैल ठेवा. महिन्याभरात खोड जाड झालं की घट्ट गाठ आत रुतते आणि वेल भर दुपारी माना टाकते. मग लोक मर रोग समजून औषधं ओततात. शेंडा सुतळीभोवती फिरवताना नेहमी एकाच दिशेनं फिरवा, दर तीन-चार दिवसांनी आणि दुपारी. सकाळी शेंडा पाण्यानं फुगलेला असतो, वळवायला गेलं की मोडतो.

फळं धरायला लागली की दिवसाआड तोडा. पाल्याआड एखादी काकडी पिकून पिवळी झाली तर त्या वेलीवर नवी फळं धरणं मंदावतं. म्हणून तोडताना पानं उचलून आत बघा.