कुंडीतले प्रश्न : ढालकिड्याची पोरं ओळखा

प्रश्न : गॅलरीतल्या चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा पडलाय. त्यात मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या, काळ्या-करड्या, पाठीवर पांढुरके डाग असलेल्या अळ्या फिरतायत. साबणाचं पाणी फवारू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मुळीच नको. त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत. ढालकिडा म्हणजे तुम्ही लेडीबर्ड म्हणता तोच भुंगेरा. लाल, गुळगुळीत मोठा भुंगेरा सगळ्यांना आवडतो, त्याची पोरं मात्र चिरडली जातात. आणि मावा खाण्यात पोरंही काही कमी नाहीत : एक अळी वाढ पूर्ण होईपर्यंत शेकडो मावे फस्त करू शकते.

मुंबईत चवळी, भेंडी, कढीपत्ता यांवर नेहमी भेटतो तो नागमोडी पट्ट्यांचा ढालकिडा, कायलोमेनिस सेक्समॅक्युलाटा. नावाचा अर्थ ‘सहा ठिपक्यांचा’, पण पाठीवर डोळ्यांत भरतात त्या काळ्या नागमोडी रेघा. रंग पिवळ्यापासून लालपर्यंत कुठलाही, आकार भिजलेल्या साबुदाण्याएवढा. मादी माव्याच्या जवळच पानाच्या मागे पिवळी, उभी, टोकदार अंडी घोळक्याने घालते. आपल्याकडच्या उष्ण हवेत ती दोन-चार दिवसांत फुटतात. अळी तीनदा कात टाकते, आठवडा-दीड आठवडा खात राहते, मग शेपटीकडून पानाला चिकटून कोष करते. तीन ते पाच दिवसांत भुंगेरा बाहेर येतो. तेव्हा तो फिका पिवळा असतो, अंगावर ठिपका नाही की रेघ नाही. रंग नंतर चढतो. हा वेगळाच किडा आहे असं समजून त्याला झटकू नका.

आता काम. आधी मुंग्या पाहा. मावा गोड चिकटा सोडतो, त्या लोभाने मुंग्या माव्याची राखण करतात आणि अळ्यांना हुसकावतात. मुंग्या असतील तर ढालकिड्याचा जम बसत नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत, उलट्या वाटीवर ठेवा. आधाराच्या काठीला दोन बोटं रुंद पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावा. वेल ग्रिलला टेकलेला नको, नाहीतर मुंग्यांना आयता पूल मिळतो. सगळं करूनही मुंग्या दिसल्या तर बहुधा हीच चूक झालेली असते.

मग चार-पाच दिवस हात लावू नका. मावा एका दिवसात पुसून टाकायची घाईही नको : खाणं संपलं की अळ्या एकमेकींना आणि आपल्याच जातीची अंडी खातात. एवढ्यानंतरही शेंडे आकसत असतील तर मऊ ब्रशने अळ्या दुसऱ्या फांदीवर सरकवा आणि सर्वांत वाईट शेंडे खुडून टाका. फवारायचंच असेल तर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1 ते 2 मिली पातळ साबण, तेही संध्याकाळी आणि फक्त त्या फांदीवर. साबण ज्याला भिजवतो त्याला मारतो, त्याला मावा कोण नि अळी कोण ते कळत नाही. मुळातून झाडाच्या रसात भिनणारी दाणेदार औषधं तर कुंडीत टाकूच नका. रसातलं विष माव्यात जातं, माव्यातून अळीत. आणि शेंगा तुम्हीच खाणार आहात.

प्रश्न : जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण ब्रशने काढते, पण त्यातले काही पांढरे किडे भराभर पळतात. ही नवी जात आहे का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : पिठ्या ढेकूण पळत नाही, सरकतो, आणि बहुतेक वेळ एका जागी बसून रस शोषतो. भराभर चालणारी, अंगावर लांब पांढरे धागे असलेली अळी क्रिप्टोलीमसची असण्याची शक्यता मोठी. तोही ढालकिडाच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला. आता द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडतात. अळी भक्ष्यासारखीच मेण पांघरून असते, त्यामुळे चांगला माळीसुद्धा फसतो. वाढलेली अळी पिठ्या ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट लांब भरते. काडीने हलकेच डिवचा : तुरुतुरु चालू लागली तर राहू द्या. मोठा भुंगेरा काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

प्रश्न : वांग्याच्या पानांची चाळण झालीय. वर ठिपक्यांचे भुंगेरे आहेत. म्हणजे सगळे ढालकिडे चांगले नसतात?
– एक वाचक, विरार

उत्तर : नसतात. हा एपिलॅक्ना, 28 ठिपक्यांचा, शाकाहारी. पाठ चकचकीत नसून बारीक लवेमुळे मळकट दिसते आणि अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. पानाचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी ठेवतो. सकाळी हाताने वेचा, पानामागचे अंड्यांचे पिवळे पुंजके चुरडा. दोन-चार कुंड्यांना एवढं पुरतं. मात्र चवळीवर अंडी दिसली तर चुरडू नका, ती मित्राची असू शकतात.

प्रश्न : ठिपके मोजले की वय कळतं, असं मुलगा म्हणतो. आजी म्हणते हा मृगाचा किडा. त्याने काडेपेटीत ठेवलाय, आणि बोटांना पिवळा डाग पडलाय.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ठिपके जातीनुसार ठरतात, वयाबरोबर वाढत नाहीत. मृगाचा किडा वेगळा. मृग नक्षत्र लागल्यावर, 7-8 जूनच्या सुमारास, पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर दिसणारा तो मखमली लाल जीव. संस्कृतात तो इंद्रगोप. त्याला आठ पाय, म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला, ढालकिड्याला सहा. आजींचा गोंधळ रंगामुळे झाला असावा. ‘लेडी’ हे नाव मात्र युरोपातलं : तिथे त्याचा लाल रंग मेरीमातेच्या लाल वस्त्राशी जोडला गेला आणि सात ठिपके तिच्या सात दुःखांशी.

पिवळा डाग म्हणजे त्याचं रक्त. दाबलं की पायांच्या सांध्यांतून तो हा कडू, उग्र वासाचा द्रव सोडतो, म्हणजे पक्षी तोंडात घेतलेला थुंकून टाकतो. हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका. काडेपेटीतला आज संध्याकाळीच सोडा, पाणी शिंपडलेल्या, मावा असलेल्या पानावर. भर उन्हात सोडलात तर सरळ शेजारच्या इमारतीत उडून जाईल.