सायलोसायबिनचा गुण: रसायनाचा की अनुभवाचा?

आपल्या धाकट्या भावाला काही वर्षांपासून नैराश्याचा त्रास आहे, दोन औषधांचा म्हणावा तसा गुण आला नाही, आणि काही मशरूममध्ये असलेल्या सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या द्रव्याविषयी वाचल्यापासून ‘तो अनुभव एकदा आला की माणूस बरा होतो’ असे तो म्हणू लागला आहे, असे आपण लिहिले आहे. गुण रसायनाचा की अनुभवाचा, आणि अनुभवाचाच असेल तर तो ध्यानातून का मिळवू नये, हे आपले दोन प्रश्न. मी कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करते. मी डॉक्टर नाही, परंतु या विषयावरचे संशोधन नेमाने वाचत आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या भावाचे म्हणणे निराधार नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सायलोसायबिनच्या त्या एका दिवसाची गणना आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत केली. पुढे 2016 मध्ये त्याच विद्यापीठाने जिवावर बेतलेल्या कर्करोगाच्या 51 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्यांची मृत्यूची धास्ती आणि खिन्नता पुष्कळ कमी झाली, आणि सहा महिन्यांनंतरही सुमारे ऐंशी टक्के रुग्णांत हा फरक टिकून होता. काळाचे भान सुटणे, सगळ्याशी एकरूप झाल्यासारखे वाटणे, शब्दांत न मावणारे काही कळल्याची खात्री होणे, अशा गोष्टींची प्रश्नावली त्यांच्याकडून भरून घेतली होती. ज्यांना हे अधिक खोलवर जाणवले, त्यांना गुणही अधिक आला.

या चाचण्यांत नुसती गोळी देऊन घरी पाठवत नाहीत, हे भावाला आवर्जून सांगावे. आधी अनेक तास बोलणे होते. त्या दिवशी रुग्ण घरच्यासारख्या मांडलेल्या खोलीत सोफ्यावर आडवा होतो, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन असतात, आणि दोन प्रशिक्षित माणसे सहा-आठ तास शेजारून हलत नाहीत. रडू फुटले, भीतीने अंग थरथरू लागले, तर ती हात धरतात आणि ‘जे येते आहे ते येऊ द्या’ एवढेच सांगतात. नंतरच्या दिवसांत जे दिसले-जाणवले त्यावर पुन्हा बसून बोलणे होते.

तरीही अनुभव आणि गुण सोबत आले, एवढ्यावरून अनुभवामुळे गुण आला असे ठरत नाही. ताप उतरताना घाम फुटतो. त्या घामाने अंग थोडे गार होतेही, पण मुख्य काम आत आधीच सुरू झालेले असते. अनुभवाचेही तसेच असू शकते. सायलोसायबिन मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या 2ए या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे जोडले जाते त्या जागेवर, काम करते आणि केटानसेरिन नावाचे औषध देऊन तो रिसेप्टर आधीच अडवला तर माणसाला तो अनुभव येत नाही, हे झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने 1998 मध्येच दाखवले. म्हणजे खोल अनुभव हे औषध मेंदूत नीट पोहोचल्याची केवळ खूण असणेही शक्य आहे.

कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्सन यांची बाजू हीच आहे. सायलोसायबिनसारखी द्रव्ये चेतापेशींच्या फांद्या आणि जोडण्या वाढवतात, गुण त्यातून येतो, आणि अनुभव वगळूनही तो मिळवता येईल, असे ते म्हणतात. त्यांच्या गटाने 2020 मध्ये भ्रम न घडवण्याच्या हेतूने टॅबरनँथालॉग नावाचा रेणू तयार केला. मेरीलँडमधल्या 2021 च्या प्रयोगात केटानसेरिन देऊनही उंदरांमध्ये सायलोसायबिनचा नैराश्यविरोधी परिणाम दिसला. मात्र उंदीर साखरेचे पाणी पुन्हा आवडीने पिऊ लागला, यावरून आपल्या भावाचे मन हलके होईल असे मानणे मला पटत नाही.

जॉन्स हॉपकिन्सचेच डेव्हिड येडन आणि ग्रिफिथ्स यांनी उलट बाजू मांडताना एक कसोटी सुचवली होती: पूर्ण भूल दिलेल्या माणसाला औषध द्यावे आणि गुण येतो का ते पाहावे. सायलोसायबिनची नव्हे, पण केटामाइन या भुलीच्या आणि नैराश्यावरही वापरल्या जाणाऱ्या औषधाची अशी चाचणी स्टॅनफर्डमध्ये झाली. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या 40 नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी काहींना केटामाइन आणि काहींना नुसते सलाइन दिले. 2023 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले होते, आणि ‘मला केटामाइनच मिळाले असणार’ असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात सुधारणा जास्त होती. येथे रसायनही मागे पडले आणि अनुभवही. उरली ती आशा, आणि कोणीतरी आपली मनापासून दखल घेतल्याची जाणीव. सायलोसायबिनच्या चाचण्यांतही आपल्याला खरे औषध मिळाले की नाही हे बहुतेकांना तासाभरात कळते, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढणे फार अवघड जाते.

माझे मत असे की या प्रश्नाला सगळ्या आजारांसाठी एकच उत्तर मिळणार नाही. मृत्यूच्या भीतीने ग्रासलेल्या माणसाची मृत्यूकडे पाहण्याची दृष्टीच बदलत असेल, तर काहीही न अनुभवता ती कशी बदलेल, हे मला उमजत नाही. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, भूक मेली आहे, हालचाल मंदावली आहे, अशा नैराश्यात मात्र शरीरातल्या बदलांचा वाटा मोठा असावा. आपल्या भावाचे दुखणे कोणत्या प्रकारचे आहे, हे त्याला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील.

ध्यानाबद्दल विचारलेत, म्हणून सांगते. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवताना देहभान हरपल्याचे सांगणारी माणसे माझ्याकडे येतात. त्या गुलालात वर्षभराचा नेम असतो, घरची परंपरा असते, आणि खाली उतरल्यावर त्या अनुभवाला अर्थ देणारे गाव असते. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याची त्याच गर्दीत फक्त घुसमट होते. म्हणजे असा अनुभव औषधाविनाही येतो, पण तो प्रत्येकाला येईलच असे नाही. ध्यानाने मन स्थिरावण्यास मदत होते, पण तीव्र नैराश्यात तासन्‌तास एकट्याने बसल्यास काहींचे विचार उलट अधिकच घेरतात, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायलोसायबिनच्या 233 रुग्णांवरील चाचणीत 25 मिलिग्रॅमचा पूर्ण डोस मिळालेल्यांपैकी तीन आठवड्यांनी सुमारे 29 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते; म्हणजे बहुसंख्य आले नव्हते. एवढा मोठा अनुभव येऊनही आपण बरे झालो नाही, हे ज्याच्या वाट्याला येते त्याची निराशा किती खोल असेल, याची मला काळजी वाटते. शिवाय घरात कोणाला सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याचा आजार) किंवा बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येण्याचा आजार) असेल, तर अशा व्यक्तीला या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. आपल्याकडे सायलोसायबिन 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, त्यामुळे कोडाईकनालला जाऊन मशरूम खाण्याचा बेत असेल तर तो कृपया थांबवावा, आणि त्या तयारीसाठी सुरू असलेल्या गोळ्या तर मुळीच परस्पर बंद करू देऊ नयेत.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे की दोन्ही औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे दिली गेली होती का, आणि तिसरे औषध, सोबत नियमित समुपदेशन, ईसीटी (भूल देऊन मेंदूला दिला जाणारा विजेचा उपचार) किंवा देखरेखीखालचे केटामाइन यांपैकी त्याच्यासाठी काय योग्य ठरेल. मधल्या काळात तो जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलू लागला, तर भेटीची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते.