भयपट कुठे जमतो, कुठे फसतो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अचानक दचकवणारे प्रसंग ही दिग्दर्शकाची पळवाट आहे असं माझं ठाम मत आहे. कानाशी मोठा आवाज केला तर कुणीही दचकेल. त्यात कसब ते काय?

तुमचं म्हणणं अर्धं पटतं. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आवाज एकदम चढला की सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात पापण्या मिटू लागतात, मान आखडते. कथा, पात्रं, भूत यांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून थिएटरभर लोक दचकले याचा अर्थ सिनेमा भीतिदायक आहे असा होत नाही.

कसब असतं ते आवाजाच्या आधीच्या वीस-तीस सेकंदांत. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर एक बाई चालली आहे, मागून टाचांचा आवाज येतोय, आणि तो मध्येच थांबतो. ती वळून बघते, चाल वाढवते, आणि बाजूने फिस्कारत चौकटीत घुसते एक बस. धोका शून्य. तरी प्रेक्षक उडतो, कारण तोवर तो कान लावून एकच आवाज शोधत असतो. निर्माता व्हॅल लुटन याच्या नावावरून या युक्तीला आजही 'लुटन बस' म्हणतात.

हा डाव फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं म्हणजे जागा. बाथरूमच्या आरशाचं कपाट किंवा फ्रिजचं दार उघडलं की ते मिटल्यावर मागे कुणीतरी उभं असणार, हे आता सगळ्यांना पाठ आहे. दुसरं, लय. आधी मांजर, मग दोन सेकंदांचा सुस्कारा, मग खरं भूत. हा ठेका ओळखीचा झाला की प्रेक्षक सुस्कारा टाकतच नाही, पुढच्या धक्क्यासाठी अंग आवळून बसतो. तिसरं, संख्या. तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर सरावतं. आणि आमच्या मते सगळ्यांत मोठा अपराध म्हणजे आवाजाची लबाडी. मैत्रिणीने खांद्यावर हात ठेवला आणि अख्खा वाद्यवृंद कोसळला, अशा वेळी प्रसंगातल्या कुठल्याही वस्तूने तो आवाज केलेला नसतो.

पारख करायची असेल तर तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. चौकटीत तरीही काही अस्वस्थ करणारं उरलं तर धक्का कमावलेला आहे.

प्रश्न : बहुतेक भयपटांचा पहिला तास उत्तम असतो आणि शेवट मात्र हास्यास्पद. असं का होतं? भूत दाखवलं की भीती संपते, एवढंच कारण आहे का?

दाखवल्यामुळे भीती संपते हे अर्धवट सत्य आहे. दाखवण्याआधी नियम ठरवले नाहीत म्हणून ती संपते.

लपवण्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे १९७५ चा 'जॉज'. त्यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गला नाइलाजाने पाण्याखालून बघणारा कॅमेरा, शार्कला बांधलेले आणि पृष्ठभागावर ओढले जाणारे पिवळे पिंप आणि दोन सुरांची धून यांवर भागवावं लागलं. शार्क नीट दिसतो तो तासाभरानंतर. पण लोक इथेच थांबतात आणि 'कमी दाखवा' एवढाच धडा घेतात. त्या तासाभरात सिनेमाने आपल्याला काय काय सांगून ठेवलेलं असतं, याकडे लक्ष जात नाही. हा प्राणी पाण्यातच मारतो, आणि आमिष ओढताना तो लाकडी जेट्टीचा तुकडाच उखडून नेतो तेव्हा त्याची ताकद कळते. शार्क दिसतो तेव्हा त्याला मोजायची पट्टी आपल्या हातात असते.

फसलेल्या भयपटात ही पट्टीच नसते. भूत भिंतीतून जातं, पण बंद दारावर धडका मारतं. एका क्षणात कुठेही प्रकट होतं, पण नायिकेच्या मागे मात्र हळूहळू चालतं. मग मनात प्रश्न येतो : याला सगळंच जमतं तर हिला अजून मारलं का नाही? हा प्रश्न आला की बाकी सगळं संपलं. पुढे पडद्यावर कितीही रक्त सांडो.

उत्तरार्धातली दुसरी खोट म्हणजे माहितीचा प्रसंग. कुणी म्हातारा जाणकार भेटतो, जुनी वही उघडतो आणि शंभर वर्षांपूर्वीचा खून चार मिनिटं समजावत बसतो. तेवढा वेळ धोका रजेवर. हीच माहिती पात्रांना पळता पळता, तुकड्यांत आणि थोडी चुकीची मिळाली तर ताण टिकतो. 'हे सगळं तिच्या मनातच होतं' हा शेवट तर बहुतेक वेळा स्वतःच्याच मागच्या प्रसंगांशी भांडतो. ती खोलीत नसताना जे आपण पाहिलं, ते मग कुणाच्या मनात होतं?

प्रश्न : थिएटरमध्ये घाम फोडणारा सिनेमा घरच्या टीव्हीवर मिळमिळीत वाटतो. काळोखातलं काही दिसत नाही, संवाद ऐकू येत नाहीत, आणि किंचाळी आली की रिमोट शोधावा लागतो. दोष सिनेमाचा की टीव्हीचा?

बऱ्याचदा टीव्हीच्या सेटिंगचा. चित्रापासून सुरुवात करा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर तो 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. मग वीजबचत, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी चमक आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. या तिन्ही सोयी काळोखाच्या प्रसंगात पडद्याचा उजेड मनमानी वरखाली करतात. मोशन स्मूदिंगही बंद. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून भरतो, त्यामुळे सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं आणि राक्षसाच्या चेहऱ्यावरचं रबर उघडं पडतं.

आता काळा रंग. बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' हे बटण पडद्याचा एकूण उजेड बदलत नाही, काळ्याची पातळी बदलतं. उजेडासाठी 'बॅकलाइट' वेगळा असतो. वरखाली काळ्या पट्ट्या असलेला अंधारा प्रसंग थांबवून ठेवा. ब्राइटनेस इतका वाढवा की पट्ट्या राखाडी होतील. मग एकेक अंक कमी करत त्या जेमतेम काळ्या होतील तिथे थांबा. त्याखाली गेलात तर कोपऱ्यात उभी असलेली आकृती गायब होईल, आणि अनेकदा दिग्दर्शकाची सगळी मेहनत त्या आकृतीवरच असते. वेगळा प्लेअर किंवा लॅपटॉप जोडला असेल तर आणखी एक घोळ संभवतो. उजेडाच्या ० ते २५५ अंकांपैकी व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात ('लिमिटेड'), संगणक पूर्ण ० ते २५५ धरतो. दोन्हीकडे वेगळं सेटिंग असेल तर सावल्या एक तर बुडतात, नाहीतर धुरकट होतात. दोन्हीकडे 'ऑटो' किंवा दोन्हीकडे 'लिमिटेड' ठेवा.

अंधारात चौकोनी ठिपके आणि पट्टे दिसत असतील तर तो इंटरनेटवरून येणाऱ्या कमी दर्जाच्या प्रवाहाचा दोष. अंधाऱ्या भागाच्या वाट्याला मोजक्याच छटा येतात आणि डेटा वाचवताना त्याही कापल्या जातात. आधी उच्च दर्जात डाउनलोड करून बघा. खोली पूर्ण अंधारी करायचा अट्टहासही नको. एलसीडी पडद्याचा काळा मिट्ट अंधारात राखाडी भासतो, टीव्हीच्या मागे मंद दिवा ठेवला की तोच काळा वाटतो.

आवाजाचं दुखणं वेगळं आहे. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर) संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांत सगळं कोंबलं की ते दबतात. स्टिरिओ म्हणजे दोन वाहिन्यांचा ट्रॅक उपलब्ध असेल तर तो निवडा. 'नाइट मोड'ने हळू आणि मोठ्या आवाजातली दरी कमी होते, पण भयपटाचं भांडवल ती दरीच आहे, हे लक्षात ठेवा. साउंडबारवर मधली वाहिनी वेगळी वाढवता येत असेल तर ती २ ते ३ डेसिबल वाढवा आणि नाइट मोड बंद ठेवा. शेजारी झोपलेले असतील तर सरळ चांगले हेडफोन. जिन्यावरची कुजबुज त्यांत जितकी जवळ येते तितकी थिएटरातही येत नाही.

प्रश्न : पात्रं इतकी मूर्ख का असतात? एकटं तळघरात जातात, दिवा लावत नाहीत, मोबाइलला रेंज नसते.

कारण पटकथाकाराला त्यांना तिथे न्यायचं असतं आणि पात्राचं स्वतःचं कारण शोधायचा आळस असतो. तळघरात जाणं मूर्खपणाचं नाही. खाली मूल रडत असेल तर तुम्हीही जाल. कारण पटलं की प्रेक्षक पडद्याला 'जाऊ नकोस' म्हणतो, नाही पटलं की पात्राला 'मर मग' म्हणतो. मोबाइलचंही तसंच. रेंज घालवणं ही पळवाट. फोन लागतो, मदत निघते, आणि ती पोचायला चाळीस मिनिटं आहेत, हे जास्त भयंकर.

प्रश्न : पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकतं की आता काहीतरी होणार. संगीत नसलेलं बरं का?

सरसकट नाही. 'सायको'मधल्या (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी मत होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही केवळ तंतुवाद्यांची ती किंचाळणारी रचना केली, आणि ती ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पण हे संगीत न्हाणीघरातला पडदा ओढला जातो त्या क्षणी सुरू होतं, त्याआधी नुसतं पाणी वाजत असतं. तुमची तक्रार आहे ती दाराच्या मुठीवर हात जाण्याआधीच घुमू लागणाऱ्या खर्जाबद्दल. ती रास्त आहे.

प्रश्न : हातातल्या कॅमेऱ्याने चित्रित केल्यासारखे भयपट बघताना मळमळतं. काही उपाय?

डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, म्हणून मळमळ. थिएटरात मागच्या रांगा घ्या, घरी दिवा चालू ठेवा आणि पडद्याच्या कडा नजरेत राहतील इतकं लांब बसा. फार झालं तर थोडा वेळ पडद्याबाहेरच्या स्थिर वस्तूकडे बघा. या प्रकारात आमची स्वतःची चाचणी एकच आहे : जीव वाचवायचा सोडून हा माणूस अजून चित्रण का करतोय, याचं उत्तर सिनेमात मिळायला हवं. कॅमेऱ्याचा दिवा हाच एकमेव उजेड असेल, तर ते मिळालं.

प्रश्न : आम्ही मित्र लघुपट करतोय. रक्त कधी सरबत वाटतं, कधी रंग. प्रमाण सांगाल का?

१ कप कॉर्न सिरप (मक्यापासूनचा घट्ट पाक), पाव कप पाणी, २ छोटे चमचे द्रवरूप लाल खाद्यरंग, १ छोटा चमचा कोको पावडर, निळ्या खाद्यरंगाचे २ थेंब. कोको आधी कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मग रंग आणि शेवटी सिरप घाला. थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा : मध्ये गडद, कडेला लाल दिसायला हवा. गुलाबी झाक दिसली तर चिमूटभर कोको वाढवा. आरपार दिसला तर थोडं कॉर्नफ्लोअर घाला. कृष्णधवल करत असाल तर नुसतं चॉकलेट सिरप चालेल, 'सायको'त तेच वापरलं होतं.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. पिवळ्या उजेडात हे रक्त नारिंगीकडे झुकतं, निळ्यात काळं दिसतं, म्हणून ज्या दिव्यात चित्रण आहे त्याच दिव्यात रंग जुळवा. खरं रक्त वाळलं की तपकिरी पडतं, सिरप मात्र चकाकतच राहतं. त्यामुळे जुना डाग हवा असेल तिथे लाल-तपकिरी ॲक्रिलिक रंग वापरा, अर्थात कपड्यांवर आणि भिंतीवर, अंगावर नको. संगणकावर रक्त चढवणार असाल तरी कापडावर थोडं खरं मिश्रण ओताच. संगणकातलं रक्त उडतं छान, पण स्वस्तात केलं तर कापड भिजलेलं दिसत नाही आणि तिथेच ते पकडलं जातं.

प्रमाणाचंही भान ठेवा. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं, बोट कापल्यावर बादली सांडली तर लोक हसतील. एकसारख्या कपड्यांचे किमान तीन जोड हाताशी ठेवा, कारण डाग पडल्यावर दुसरा टेक घेता येत नाही. खाद्यरंग कातडीवर एखाद-दोन दिवस राहतो. लावण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर द्या, डोळ्यांपासून लांब ठेवा, आणि कपडे आधी थंड पाण्यात खळबळून मगच साबणाला घाला.