लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) लोक स्वतःच वंशभेद सोसतात, मग त्यांच्यावर कृष्णवर्णीयांशी भेदभाव केल्याचा दावा अमेरिकेत टिकतो का?

हो, टिकतो. 1964 च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं टायटल सेव्हन वंश, रंग, राष्ट्रीय मूळ यावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालतं, आणि भेदभाव करणारा गोराच असला पाहिजे असं त्यात कुठेही नाही.

खरी अडचण येते ती आफ्रो-लॅटिनो लोकांची, म्हणजे समजा डॉमिनिकन वंशाची काळी बाई आणि तिचा मॅनेजर गोरा दिसणारा क्युबन, तर कंपनी म्हणणार की अहो दोघेही हिस्पॅनिकच (स्पॅनिशभाषक मुळाचेच) आहेत, मग भेदभाव कसला? आणि समोरच्यालाही ते पटून जातं. पण वंश आणि रंग हे कायद्यात वेगळे आधार आहेत, त्यामुळे दावा त्या आधारावर नीट मांडावा लागतो, नुसतं राष्ट्रीय मूळ लिहिलं की केस कमजोर होते. शिवाय 1977 मध्येच सुप्रीम कोर्टाने कास्टानेडा विरुद्ध पार्टिडा खटल्यात म्हटलंय की एखाद्या गटातला माणूस आपल्याच गटातल्या दुसऱ्याशी भेदभाव करणार नाही असं गृहीत धरता येत नाही.

आणि हे काही हवेतलं नाही हो, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस सिटी कौन्सिलच्या तेव्हाच्या अध्यक्ष, स्वतः लॅटिना असलेल्या नुरी मार्टिनेझ यांचं रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्यात सहकाऱ्याच्या लहानग्या काळ्या मुलाबद्दल इतकं घाण बोललेलं होतं की त्यांना राजीनामा द्यावा लागला. एवढ्या लहान मुलाबद्दल असं बोलवतं तरी कसं, मला अजून राग येतो.

घर भाड्याने देताना असं झालं तर 1968 चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे, तिथेही घरमालक लॅटिनो आहे म्हणून सूट नाही.