सासूबाईंच्या पाटल्या

तासगावच्या एका भगिनीचं पत्र आलंय. गेल्या हंगामात अवकाळीनं रॅकवरचा बेदाणा काळा पडला आणि सासूबाईंनी दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या बँकेत गहाण गेल्या. बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही. तेव्हापासून लग्नाकार्यात त्या एक ग्रॅमच्या, म्हणजे सोन्याचा नुसता मुलामा दिलेल्या पाटल्या घालून जातात. मनगट काळं पडू नये म्हणून पाटल्यांना आतून बिनरंगी नेलपॉलिश लावतात. आता सांगलीच्या नणंदेनं लेकीच्या लग्नासाठी सासूबाईंच्या त्या खऱ्या पाटल्या मागितल्यात. ‘ताई, काय करू?’

बाई गं, ते नेलपॉलिशचं वाचून गलबलून आलं. प्रत्येक कार्याच्या आदल्या रात्री, घर झोपल्यावर, एकटीनं बसून लावत असणार तुम्ही.

गहाण टाकलंत यात काहीही चुकलं नाही. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा किलोभर बेदाणा हाती येतो, आणि वाळायच्या पंधरा-वीस दिवसांत पाऊस गाठला तर भल्याभल्यांचं कंबरडं मोडतं. तासगावात हे कुणाला समजावून सांगावं लागणार आहे?

पण त्या खोट्या पाटल्या नणंदेच्या हाती देऊ नका, हे अगदी कळवळून सांगते. आजवरचा दिखावा तुमच्यापुरता होता. त्या मात्र आईची आठवण म्हणून लेकीच्या हातात घालतील, चारचौघींत कौतुकानं दाखवतील. त्यांना अशा जागी उभं करू नका. शिवाय आईच्या पाटल्या लेक हातात घेताक्षणी ओळखते, वजनावरून, झिजलेल्या कडेवरून.

येत्या रविवारी मिस्टरांना घेऊन सांगलीला जा. बोलू दे त्यांनाच आधी, त्यांची सख्खी बहीण आहे. बँकेची पावती सोबत न्या. पाटल्या विकलेल्या नाहीत, हे नणंदेला डोळ्यांनी दिसू दे. रागावतील, कदाचित रडतील. ऐकून घ्या.

कोल्ड स्टोरेजला बेदाणा ठेवलेला असेल तर त्याच्या विक्रीची पट्टी, म्हणजे हिशेबाचे पैसे, येताच आधी कर्जाचं व्याज भरा. मुदतीची तारीख बँकेत विचारून ठेवा, लिलावाच्या नोटिशीपर्यंत थांबू नका.

आणि लग्नाला एक ग्रॅमचं काही घालू नका. भाचीचा चुडा भरायला कासार येईल, तेव्हा तिच्याशेजारी बसा आणि तुम्हीही हातभर हिरव्या बांगड्या भरून घ्या.