तुलूझच्या बेकरीत ‘पँ ओ शोकोला’ मागितलं तर चालेल का?

चालेल, पण तुलूझ, बोर्दो आणि एकूणच नैऋत्य फ्रान्समध्ये ‘शोकोलातीन’ मागा. पदार्थ तोच: क्रोसाँच्याच पापुद्र्यांच्या पिठाची चौकोनी गुंडाळी, आत चॉकलेटच्या दोन कांड्या. पॅरिससह बहुतेक देश त्याला ‘पँ ओ शोकोला’ म्हणतो, उत्तरेकडे आणि अल्सासमध्ये ‘पती पँ’ही चालतं. नैऋत्येची माणसं चिडवतात, ‘पँ ओ शोकोला म्हणजे पावात खुपसलेली चॉकलेटची वडी!’ २०१८ मध्ये काही खासदारांनी शोकोलातीनला कायद्यात मान मिळावा म्हणून संसदेत दुरुस्तीही मांडली होती; ती फेटाळली गेली.

काउंटरवर आधी ‘बाँझूर’ (नमस्कार), मग ‘उन शोकोलातीन, सिल वू प्ले’ (एक शोकोलातीन द्या, प्लीज). शोकोलातीन स्त्रीलिंगी, म्हणून ‘उन’. पँ पुल्लिंगी, त्याला ‘अँ’. विक्रेत्याने ‘पॉश?’ विचारलं तर तो पिशवी हवी का विचारतोय. इतर भागांत पॉश म्हणजे खिसा, म्हणून पाहुणे गोंधळतात.

मात्र शब्द चुकला म्हणून कुणी रागावत नाही, फार तर हसून दुरुस्त करतील. ‘बाँझूर’ विसरलात तर मात्र खरंच खटकतं.