होंडा सिटी व्हीटेकचं हेड बांधताना मोठे व्हॉल्व्ह, ड्युअल स्प्रिंग आणि टायटॅनियम रिटेनरचा पूर्ण किट घ्यावा का?

तुमची गाडी २००२ ची सिटी, दीड लिटर व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा). हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह आणि कॅम असलेला भाग) उतरवून ठेवलंय, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) रीग्राइंड करून, म्हणजे घासून आकार बदलून, ८,००० आरपीएमपर्यंत न्यायचंय, वापर ऑटोक्रॉस आणि अधूनमधून ट्रॅक. विक्रेता म्हणतो १ मिमी ओव्हरसाइझ स्टेनलेस व्हॉल्व्ह, ड्युअल (एकात एक बसणाऱ्या दोन) स्प्रिंग आणि टायटॅनियम रिटेनर (स्प्रिंगला वरून धरणारी टोपी) असा अख्खा किट घ्या.

मी घेणार नाही. स्प्रिंग आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) नवे घ्या, सीटच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या कडेच्या) कामावर हात आखडू नका आणि व्हॉल्व्ह स्टँडर्ड मापाचेच ठेवा. हेडचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, लोक खरेदीची सुरुवात व्हॉल्व्हपासून करतात, कारण तो हातात घेऊन दाखवता येतो. खरं तर आधी कॅमची लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिमी उघडतो) आणि कमाल आरपीएम नक्की करायचे, त्यावरून स्प्रिंग, स्प्रिंगवरून रिटेनर, आणि व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी.

मोठ्या व्हॉल्व्हचा हिशोब बघा. ३० मिमीचा व्हॉल्व्ह ३१ केला की क्षेत्रफळ कागदावर जेमतेम ७ टक्के वाढतं. पण हवा जाते ती सीटखालच्या गळ्यातून, आणि तो व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत नीट उघडला नसेल तर ते ७ टक्के कागदावरच राहतात. शिवाय तुमचा बोअर आहे ७५ मिमी. त्यात चार व्हॉल्व्ह आधीच दाटीवाटीने बसलेत. मोठा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीला आणखी चिकटतो आणि त्या बाजूची हवा अडते. वजन वाढतं ते वेगळंच. याउलट स्टँडर्ड इनटेक व्हॉल्व्हवर सीटच्या मागे ३० अंशांचा बॅक कट (तिरपा काप) मारला तर कमी लिफ्टला फ्लो सुधारतो आणि त्याचा खर्च नवीन व्हॉल्व्हच्या मानाने काहीच नाही. एक साधा नियम लक्षात ठेवा: लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव पट झाली की व्हॉल्व्हभोवतीची उघडी जागा आणि व्हॉल्व्हचं स्वतःचं क्षेत्रफळ सारखं होतं. ३० मिमीला ती लिफ्ट साडेसात मिमी. त्यापुढे अडथळा व्हॉल्व्ह नसतो, पोर्ट (हेडमधला हवेचा मार्ग) असतो.

आता स्प्रिंग. तुमचे पैसे इथेच जायला हवेत. व्हॉल्व्हट्रेनवरचं जडत्वाचं बळ आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ७,००० वरून ८,००० म्हणजे ऐकायला एकच हजार, पण बळ ३० टक्क्यांनी वाढलं. त्यात या इंजिनाची एक खोड आहे. व्हीटेक फक्त इनटेकला आहे, आणि हाय कॅमवर गेल्यावर पिना सरकून तिन्ही इनटेक रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारे हात) एकमेकांना जखडले जातात. म्हणजे त्या दोन व्हॉल्व्हच्या स्प्रिंगना तीन रॉकरांचं वजन सांभाळावं लागतं, आणि तेही नेमकं वरच्या आरपीएमला. व्हॉल्व्ह फ्लोट (स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्हने कॅमची साथ सोडणं) आधी इनटेकला दिसेल. एक्झॉस्टला दोन व्हॉल्व्हना दोन रॉकर, तिथे एवढी ओढाताण नाही.

ड्युअल स्प्रिंग वाईट नसते, पण नुसतं 'ड्युअल' ऐकून घेऊ नका. तीन आकडे मागा: इन्स्टॉल्ड हाइट (व्हॉल्व्ह बंद असताना बसवलेल्या स्प्रिंगची उंची), त्या उंचीला सीटवरचा दाब आणि कॉइल बाइंडची (वेटोळी एकमेकांना टेकण्याची) उंची. तुमच्या कॅमच्या पूर्ण लिफ्टला स्प्रिंग कॉइल बाइंडपासून किमान १ मिमी दूर राहिली पाहिजे. विक्रेत्याला हे आकडे देता आले नाहीत तर तो स्प्रिंग विकत नाहीये, डबा विकतोय. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगही नको. कॅमचे लोब (उंचवटे) आणि रॉकरचे पॅड ती खाऊन टाकते, आणि रीग्राइंड केलेल्या कॅमचा कडक थर आधीच पातळ झालेला असतो. बीहाइव्ह स्प्रिंग मिळाली तर मी तीच निवडेन. वरच्या टोकाला निमुळती असल्यामुळे रिटेनर लहान आणि हलका बसतो, मग टायटॅनियमच्या रिटेनरची निकड उरत नाही. टायटॅनियमवर स्प्रिंगची घासण दिसते, म्हणून हेड ठराविक काळाने उघडून बघावं लागतं. रोज ऑफिसला नेणार असाल तर स्टीलच बरं. लॉक (रिटेनरला दांडीवर पकडणारे तुकडे) मात्र रिटेनर ज्या कंपनीचा त्याच कंपनीचे. कोन जुळला नाही की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, आणि मग पिस्टन, हेड, ब्लॉक असं बिल लांबत जातं.

व्हॉल्व्हचा धातू: इनटेकला ईएन-५२ सारखं सिलिकॉन-क्रोम स्टील पुरतं. एक्झॉस्टला २१-४एन घ्या, नावाप्रमाणे त्यात २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असतं. इनकोनेल टर्बो किंवा नायट्रस लावणाऱ्यांसाठी. टायटॅनियम व्हॉल्व्ह पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के हलके असतात, पण त्यांना वेगळी सीट, कोटिंग, टोकावर टोपी असा सगळा लवाजमा लागतो. तुमच्या बजेटमध्ये तो विषयच नको. सोडियम भरलेले पोकळ व्हॉल्व्ह १९२० च्या दशकात विमानांच्या इंजिनांसाठी सॅम हेरनने विकसित केले. कल्पना सुंदर आहे, पण त्यांच्यावर ग्राइंडरचा प्रयोग करू नका. सोडियम बाहेर आला आणि पाणी लागलं तर पेट घेतो.

दुकानात खिशात एक लोहचुंबक न्या. २१-४एन चुंबकाला चिकटत नाही. डोकं चिकटत नाही पण दांडी चिकटते, असं दिसलं तर तो दोन तुकडे वेल्ड केलेला व्हॉल्व्ह आहे. त्यात गैर काही नाही, फक्त एकसंध म्हणून जास्त पैसे देऊ नका. २१-४एन उष्णतेने कडक करता येत नाही, त्यामुळे एकसंध व्हॉल्व्ह असेल तर दांडीच्या टोकाला वेगळा कडक तुकडा आहे ना, हे पाहा. तुमच्याकडे टॅपेटचा स्क्रू (रॉकरच्या टोकाचा, मोकळीक जुळवण्याचा) थेट त्या टोकावर आपटतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची साधारण तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते, उरलेली बरीचशी गाइडमधून. म्हणून एक्झॉस्टची सीट दीड मिमीपर्यंत रुंद ठेवा. इनटेकला १ मिमी चालते. ३०-४५-६० असा थ्री अँगल कट या कामाला भरपूर आहे. गाइड फॉस्फर ब्राँझचे टाका आणि आधी गाइड बसवून मगच सीट कापायला लावा, कारण कटरचा पायलट (मधला आधाराचा दांडा) गाइडमध्येच उभा राहतो. गाइडमध्ये दांडीची मोकळीक इनटेकला ०.०२ ते ०.०५ मिमी, एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८. ऑइल सील व्हायटॉनचे. गाडी आधी सीएनजीवर चाललेली असेल तर एक्झॉस्ट सीट झिजून खचलेल्या असू शकतात, ते आधीच तपासा.

आता जे बहुतेक ठिकाणी राहून जातं ते. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी आत बसतो आणि दांडी स्प्रिंगच्या बाजूला वर येते. इन्स्टॉल्ड हाइट वाढते, दाब उतरतो. मिलिमीटरला ३ किलोची स्प्रिंग धरली तर अर्धा मिमी कापण्यात दीड किलो गेला. हे प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळं असतं, म्हणून सोळाही उंच्या मोजून शिम (पातळ चकत्या) घालायला सांगा. रीग्राइंडमध्ये कॅमचा बेस सर्कल (लोबचा व्हॉल्व्ह न उघडणारा गोल भाग) लहान होतो, त्यामुळे टॅपेटचा स्क्रू व्हॉल्व्हकडे जास्त पुढे फिरवावा लागतो; वर आलेली दांडी ते थोडं भरून काढते, पण स्प्रिंगचा दाब त्याने परत येत नाही. आणि तिन्ही इनटेक लोबचा बेस सर्कल एकसारखा हवा, नाहीतर व्हीटेकच्या पिना एका रेषेत येणार नाहीत.

हे इंटरफिअरन्स इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटू शकतात. पिस्टनवर प्लॅस्टिसीन ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि ठसा कापून मोजा. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिमीपेक्षा कमी नको. नुसतं टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असताना) मोजून भागत नाही. दोघं सर्वांत जवळ येतात ते साधारण दहा अंश अलीकडे-पलीकडे, एक्झॉस्ट आधी आणि इनटेक नंतर.

पहिल्या ५०० किमीनंतर थंड इंजिनवर टॅपेटची मोकळीक पुन्हा मोजा. स्टँडर्ड कॅमला इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिमी, रीग्राइंड करणारा वेगळा आकडा देत असेल तर तो पाळा. एखाद्या एक्झॉस्टची मोकळीक प्रत्येक वेळी कमीच होत असेल तर ती सीट खचतेय, आणि ते हेड ट्रॅकवर नेऊ नका.